मागे घेतलेल्या एकोणीस लाल चिठ्ठ्या

मी, खाली सही करणारा डेटलेफ ओल्टमान, वय वर्षे एक्याऐंशी, आल्ब्रेख्ट मोटार कारखान्याचा निवृत्त अंतिम तपासनीस, शिक्का क्रमांक एकसष्ट, राहणार हार्टेनाउ, लिंडेन रस्ता, घर नऊ, हे माझे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. तसे करायला या घरात माझ्याखेरीज कोणी नाही. आमच्याकडे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते, टाइप केलेले कोर्टात चालत नाही. माझे अक्षर वाईट आहे, वाचणाऱ्याने चालवून घ्यावे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

हे आताच का, असे कोणी विचारील. सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी पोटाचे फोटो दाखवले आणि म्हणाल्या, "ओल्टमान, पुढच्या उन्हाळ्याचे बेत करू नका." मला काही वाटले नाही. खाली पार्किंगची वेळ संपत आली होती, तेवढेच डोक्यात होते. घरी येऊन बटाटे उकडले आणि खाल्ले.

कलम पहिले. अंत्यविधी. पत्नी रेनाटेच्या कबरीशेजारची जागा आम्ही दोघांनी मिळून घेतलेली आहे, तिथेच पुरावे. भाषण करायचे झाले तर पाद्रीबाईंनी पाच मिनिटांत आटपावे. ज्याने चाळीस वर्षांवर नोकरी केली त्याला कारखान्याकडून पुष्पचक्र येते, मलाही येईल. ते शवपेटीवर ठेवू नये. बाहेर भिंतीला टेकवून ठेवावे, आणि कोणी विचारलेच तर आत जागा नव्हती असे सांगावे. नंतर सर्वांना कॉफी आणि रिवाजाप्रमाणे लोण्याचा केक द्यावा. शेजारी हाइनो ब्रुगमान याला साखरेचा आजार आहे, त्याला दोनच तुकडे द्यावेत, तिसरा तो मागणारच.

कलम दुसरे. घर. लिंडेन रस्ता, घर नऊ, मागच्या बागेसह आणि गॅरेजसह, माझा एकुलता एक मुलगा फोल्कर ओल्टमान याला द्यावे. छप्पर २०१६ साली बदलले आहे. तळघरात उत्तरेच्या भिंतीला ओल येते, तिचे काही करू नये, ती पंचेचाळीस वर्षे तशीच आहे.

या घराची जमीन मुळात कारखान्याची. हे गावच मुळात कारखान्याचे. म्हातारा आल्ब्रेख्ट आधी शिवणयंत्रे बनवी, मग सायकली, मग १९०४ साली त्याने पहिली मोटार काढली. माझा आजोबा त्या मोटारीच्या चाकांना आरे बसवत असे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने लष्कराचे ट्रक बनवले आणि ते बनवायला युक्रेनमधून बायका धरून आणल्या. आज जिथे फुटबॉलचे मैदान आहे तिथे त्यांच्या झोपड्या होत्या. माझा बाप त्यांच्यावर मुकादम होता. कारखान्याने शंभरीला जाडजूड पुस्तक काढले, त्यात या साऱ्यावर दीड ओळ आहे: अवघड वर्षांतही उत्पादन चालू राहिले, एवढीच. बाप कधी बोलला नाही आणि मी कधी विचारले नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

लढाईनंतर 'चंडोल' आली. लहानशी, गोल पाठीची, एका कुटुंबापुरती गाडी. तिच्यावर सगळा देश चालायला शिकला. नवरा-बायको, दोन पोरे, सासूबाई आणि मागे तंबू घेऊन लोक आल्प्स ओलांडून इटलीला जात आणि परत येत, आणि परत आले की म्हणत, "आल्ब्रेख्ट चुकत नाही." जाहिरातीत हे वाक्य नंतर आले. आधी ते लोकांच्या तोंडी होते. मी १९५८ साली पंधराव्या वर्षी आत गेलो तेव्हा मला याचा फार अभिमान वाटला होता. वाटला होता एवढे मला आठवते.

कलम तिसरे. हत्यारे. गॅरेजमधली सारी हत्यारे हाइनो ब्रुगमान याने घ्यावीत. हाइनो माझा शेजारी, आणि कारखान्यातही माझ्या शेजारच्याच जागी तपासनीस होता, शिक्का क्रमांक बासष्ट. त्याच्याकडे माझी शिडी एकोणीस वर्षे आहे, तीही त्याला दिली असे समजावे, म्हणजे तो एकदाचा मोकळा होईल. मात्र निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्याने दक्षिणेकडच्या कंपनीची गाडी आणून माझ्या खिडकीसमोर उभी केली, हे मी विसरलेलो नाही. आमच्या गावात दुसऱ्या कंपनीची गाडी घेणारा माणूस ती मागच्या गल्लीत लावतो, एवढी तरी लाज बाळगतो. मी त्याला तेव्हा विचारले होते.

"काय रे हाइनो, आपली गाडी चावते का तुला?"

"चावत नाही रे बाबा. पण चाळीस वर्षं रोज तिचंच तोंड बघितलंय. आता जरा दुसरीचं बघू दे की."

रेनाटे यावर आठवडाभर हसत होती. मी पाच महिने त्याच्याशी बोललो नाही. आता वाटते, दोघांत शहाणा तो होता.

कलम चौथे. शिक्का आणि पांढरा कोट. कारखान्याच्या संग्रहालयातून एक तरुण बाई दोनदा येऊन गेल्या. त्यांना माझा पितळी शिक्का काचेच्या पेटीत ठेवायचा आहे, खाली 'विश्वासाची खूण' असे लिहून. त्यांनी तो जरूर न्यावा, पण पुढच्या कलमात सांगितलेल्या वहीच्या पान ब्याऐंशीची नक्कल त्याच पेटीत, शिक्क्याच्या शेजारी, सहज वाचता येईल अशी ठेवायची असेल तरच. नसेल तर शिक्का नदीत टाकावा. कोट हाइनोच्या कुत्र्याला अंथरायला द्यावा.

कलम पाचवे. वही आणि बोल्ट. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले. हे पाचवे.

निळ्या पुठ्ठ्याची वही आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतला अर्धा बोल्ट, या दोन वस्तू माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. त्या फोल्करला द्याव्यात. त्याने त्यांचे काय करायचे ते करावे. वर्तमानपत्राला द्याव्यात, कोर्टात द्याव्यात, जाळाव्यात. माझी अट नाही. त्या काय आहेत ते मात्र मला लिहिले पाहिजे.

आमच्या कामाची रीत अशी होती. पट्ट्याच्या शेवटी गाडी आली की अंतिम तपासनीस ती तपासे आणि तिच्या कार्डावर शिक्का मारी. शंका आली तर तो पुढच्या काचेवर लाल चिठ्ठी लावी. लाल चिठ्ठी लागली की पट्टा थांबे. ती चिठ्ठी मालकालाही काढता येत नसे. ज्याने लावली त्यानेच, स्वतःच्या सहीने, ती मागे घ्यायची. आल्ब्रेख्टचे जे काही नाव आहे ते या एका नियमावर उभे आहे, असे मला शिकवले गेले, आणि मी पुढे चाळीसेक जणांना तेच शिकवले.

१९९८ च्या सप्टेंबरात स्टिअरिंगचा दांडा जोडणारा बोल्ट नव्या ठिकाणाहून, स्वस्तात, येऊ लागला. आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात तो हाताला मऊ लागे. पाना म्हणे ठीक आहे, हात म्हणे नाही. मी आठ दिवसांत एकोणीस लाल चिठ्ठ्या लावल्या. त्याच वर्षी नवा फतवा निघाला होता: ज्या विभागाच्या लाल चिठ्ठ्या सर्वांत कमी, त्याला जानेवारीत कारखान्याच्या खर्चाने कोबीची भाजी, सॉसेज आणि बीअरची मेजवानी. माझ्या मागे उभी असलेली मंडळी दातओठ खात होती. "ओल्टमान, यंदा ताटात तुझ्या चिठ्ठ्याच वाढून घेऊ का?" असे मला रोज ऐकवत.

नवव्या दिवशी विभागप्रमुख डॉ. लुटमान यांनी वर बोलावले.

"बसा, ओल्टमान. कॉफी घेणार?"

"नको."

"प्रयोगशाळेनं बोल्ट तपासलेत. मर्यादेत आहेत."

"काठावर आहेत."

"काठ म्हणजे आतच ना? हे बघा, दोन आठवड्यांनी गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात उभी राहणार आहे. आल्ब्रेख्टचं स्टिअरिंग सैल, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुम्हाला पहिलं व्हायचंय का?"

"मला काही व्हायचं नाही."

"मग चिठ्ठ्या काढा. मी काढू शकत नाही, नियम आहे."

हे म्हणताना तो हसला नाही. तो खरोखरच नियम पाळत होता. मी खाली गेलो आणि एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या माझ्या सहीने मागे घेतल्या. पुढच्या दिवसांत त्याच बोल्टाच्या आणखी दोनशे चौदा गाड्यांवर शिक्का मारला. सवय म्हणून साऱ्यांचे क्रमांक वहीत लिहिले, पान ब्याऐंशीपासून पुढे.

त्या दोनशे चौदांत एक गाडी माझी होती. आमच्या गावची रीत बाहेरच्याला सांगावी लागेल. कारखान्याचा माणूस दरवर्षी सवलतीत नवी गाडी घेतो, बारा महिने जपून वापरतो, सीटांवरचा प्लास्टिक कागदही काढत नाही, आणि मग ती विकून दुसरी घेतो. तिला आम्ही वर्षाची गाडी म्हणतो. जावई गाडीत सिगारेट ओढतो म्हणून मुलीचे लग्न मोडायला निघालेला माणूस मी पाहिला आहे. आणि तीस वर्षे नोकरी झालेल्या तपासनिसाने एखाद्या वर्षी गाडी घेतली नाही, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळते आणि गाव तिचा अर्थ लावते. मी रेनाटेला म्हटले, यंदा राहू दे.

"राहू दे? मग बेकरीत मला विचारतील त्यांना काय सांगू? आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून, की गाडीत काही खोट आहे म्हणून?"

मी गाडी घेतली. दर रविवारी चर्चहून आलो की तिच्या डॅशबोर्डखाली आडवा होऊन तो बोल्ट पुन्हा आवळत असे. रेनाटे विचारी, "काय करतोस रे सारखा खाली पडून?" मी म्हणे, "खडखडतंय." कुठे खडखडतंय ते तिने कधी विचारले नाही. आधीच्या एकोणीस धरून इतर दोनशे बत्तीस गाड्यांखाली दर रविवारी कोणी आडवे होत नव्हते, हेही मला माहीत होते.

१४ नोव्हेंबर, शनिवार. फोल्करच्या गाडीचा क्लच गेला होता. तो तेव्हा टपाल खात्याच्या गाडीतून पार्सले पोहोचवत असे. त्याला बायको कात्या आणि पाच वर्षांची वीब्के यांना घेऊन कात्याच्या बहिणीकडे, ब्रेमेनला जायचे होते. दुपारी बाराला तो दारात आला.

"बाबा, तुमची गाडी देता का? उद्या संध्याकाळी परत आणतो. प्लास्टिक काढणार नाही, वचन."

"सकाळी शिफ्ट होती ना तुझी?"

"पहाटे चारपासून होती. आता ठीक आहे मी."

"हळू चालव."

मी किल्ली दिली. आधीच्या रविवारी मी बोल्ट आवळला नव्हता. थंडी होती, कंटाळा केला.

बावीस किलोमीटरवर, बीच नावाच्या उंच झाडांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर, गाडी डावीकडे वळली आणि झाडावर गेली. कात्या जागीच गेली. वीब्केचा हात मोडला. तिला एवढेच आठवते की आई पुढे बसून संत्रे सोलत होती आणि एक फोड तिने मागे दिली. फोल्करच्या डोक्याला मार बसला होता. त्याला सकाळच्या शिफ्टनंतरचे काहीच आठवत नव्हते, अजून आठवत नाही.

मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी बसलो. तिथे मी जे बोललो ते असे.

"फोल्कर, डोळा लागला होता का रे?"

"आठवत नाही, बाबा."

"साडेतीनला उठला होतास."

"हो." त्याने छताकडे बघितले. मग म्हणाला, "लागला असेल."

दारात पोलीस उभा होता. त्याने ते लिहून घेतले. सरळ रस्ता, कोरडी हवा, पहाटेची शिफ्ट, आणि चालकाचा स्वतःचा बाप विचारतो आहे. त्यानंतर कोणी काही तपासले नाही. मी तो प्रश्न काळजीने विचारला नव्हता. उत्तर हो यावे म्हणून विचारला होता. हे मला विचारतानाच माहीत होते.

मोडकी गाडी दोन दिवसांत भंगारासाठी कारखान्याच्या आवारात आली. मी पांढऱ्या कोटात तिच्याजवळ गेलो. पांढऱ्या कोटातल्या जुन्या तपासनिसाला कोणी हटकत नाही. पायदानाच्या रबराखाली अर्धा बोल्ट सापडला. तुटल्या जागी त्याची एक बाजू काळवंडलेली आहे, म्हणजे चीर जुनी, आणि दुसरी बाजू चकचकीत आहे. ज्याला लोखंडातले थोडेसे कळते त्याला आणखी काही सांगावे लागणार नाही. पुढच्या वसंतात वहीतल्या क्रमांकांच्या गाड्या सर्व्हिसला आल्या की गाडीच्या मालकाला न सांगता त्यांचे बोल्ट बदलले गेले. माझ्या हिशेबाने दोन गाड्या मिळाल्या नाहीत. त्या परदेशात विकल्या गेल्या होत्या.

तेव्हा मी लिहून देतो: फोल्कर ओल्टमान झोपला नव्हता. गाडी तुटली. ती तुटेल हे मला माहीत होते.

याचे परिणाम असे झाले. कोर्टाने फोल्करला दोषी धरले आणि त्याचा परवाना घेतला. तो परत मिळाला तरी त्याने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. टपालात त्याने सायकलवरची बीट मागून घेतली आणि पुढची सगळी वर्षे पावसाबर्फात सायकलने पत्रे वाटली. वीब्के तेराव्या वर्षी त्याला सोडून मावशीकडे ब्रेमेनला गेली. शाळेत पोरे तिला म्हणाली होती, "तुझ्या बापाला झोप आली आणि तुझी आई मेली." फोल्करने तिला अडवले नाही. तिचे बरोबरच आहे असे त्याला वाटत होते. अठरा वर्षे झाली, ती त्याच्याशी बोलत नाही. नाताळला कार्ड पाठवते, ते मला. त्यात त्याचे नाव नसते.

मी का बोललो नाही? मला कोणी धमकी दिली नाही. मी स्वतःला सांगत असे की गावात आठ हजार माणसांची पोटे या नावावर आहेत. तेही खरे कारण नाही. पहिल्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलायचे तर पहिल्या दिवसाचाही जाब द्यावा लागला असता, आणि मग रोज एक दिवस वाढत गेला. रेनाटेला हे माहीत नव्हते. २०१९ साली ती गेली तेव्हा मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मला काही वाटत नव्हते. मला बऱ्याच वर्षांपासून फारसे काही वाटत नाही. पूर्वी वाटत होते, हे मला इतरांकडे बघून आठवते.

मेल्यावर हे वाचले जाईल, म्हणजे मला कोणी प्रश्न विचारणार नाही, म्हणून ते इथे लिहिले आहे. हा भित्रेपणा आहे हे मला ठाऊक आहे.

कलम सहावे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात वीब्के हिला द्यावे. तिने आभार मानू नयेत.

साक्षीदार. या देशाच्या कायद्याला मृत्युपत्रावर साक्षीदार लागत नाहीत. पण आमच्याकडे एका शिक्क्यावर गाडी कधी दाराबाहेर गेली नाही, दुसरा लागायचाच. म्हणून मी हाइनो ब्रुगमान आणि फोल्कर यांना गुरुवारी सकाळी कॉफीला बोलावणार आहे आणि न वाचता सही करायला सांगणार आहे.

हार्टेनाउ, १४ ऑक्टोबर २०२४.
डेटलेफ ओल्टमान

पुरवणी. हीही माझ्याच हाताने.

गुरुवारी दोघेही आले. हाइनोने चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. "तुझ्या शेजारी चाळीस वर्षं न बघता शिक्के मारलेत, आता एक सही काय," म्हणाला, सही केली आणि केक खाऊन गेला. फोल्करने मात्र वाचायला घेतले. मी म्हटले, "वाचायची गरज नाही रे, नुसती सही हवीय." तो म्हणाला, "बाबा, मी पोस्टमन आहे. दुसऱ्याचं पत्र वाचत नाही. पण यावर माझं नाव आहे."

तो खिडकीशी उभ्याने वाचत होता. कलम पाचव्यापाशी खाली बसला. शेवटपर्यंत वाचून पुन्हा मागे गेला आणि एकच पान पुन्हा वाचले. कोणते ते मला दिसले नाही. मी भांडी धुतली. मला वाटले होते तो ओरडेल.

"मी तिला जाऊ दिलं," तो म्हणाला. "तेरा वर्षांची होती. 'थांब' असा एक शब्द मी बोललो नाही. मला वाटलं, मला तो हक्कच नाही."

"घर तुझ्या नावावर..."

"घर नको मला. घराचं नाव काढू नका." त्याने पाने नीट जुळवली, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवली. "सही करत नाही मी. रविवारी माझ्याबरोबर ब्रेमेनला चला. तिच्यासमोर बसून हे वाचा. तुमच्या तोंडानं. मेल्यावर नाही."

"ती दार उघडील का?"

"तुम्हाला उघडील," तो म्हणाला.

आज रविवार. आम्ही आगगाडीने आलो. वीब्के आता एकतीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात काम करते, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दार उघडल्यावर तिने आधी मला पाहिले, मग माझ्या मागे जिन्यात उभ्या असलेल्या बापाला. तिने दार लावले नाही, पण त्याला 'आत या' असेही म्हटले नाही. तो आत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, कोट न काढता.

मी पहिल्या शब्दापासून वाचले. केकचे वाचले, शिडीचे वाचले, सगळे. पाचवे कलम आले तेव्हा तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वाचून संपल्यावर तिने ग्लास बाजूला केला. मग तिने विचारायला सुरुवात केली. माझ्यासमोर बसून मला असे विचारणारी आमच्या घरातली ती पहिलीच.

"शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्या पोरांना देतात तसा मोठा कागदी कोन तुम्ही माझ्यासाठी खाऊने भरून आणला होतात. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"दहाव्या वाढदिवसाला?"

"हो."

"आजी वारली तेव्हा? तुम्ही मला पहिल्या बाकावर बसवलंत आणि बाबांना मागे."

"हो."

"मी मावशीकडे जायला निघाले त्या दिवशी माझी बॅग तुम्ही खाली आणलीत. मला काय म्हणालात, आठवतं?"

"नाही."

"'त्याच्यावर राग धरू नकोस, दमलेला होता बिचारा.' असं म्हणालात, आजोबा. मी गाडीत बसेपर्यंत दोनदा म्हणालात."

मी म्हटले, "म्हणालो असेन."

तिने मान हलवली. मग ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, कोट काढा. सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"

ती उठली, तिने स्वतःच त्याच्या कोटाची बटणे काढली आणि त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेले. दार अर्धे लोटलेले होते. भांड्यांचा आवाज आला, मग तिचा, हळू. मग फोल्कर रडू लागला. कात्याला पुरताना तो रडला नव्हता. आपला हक्क नाही असे त्याला तेव्हा वाटले असणार. मी बाहेरच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि मला फार वाईट वाटले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाटले. ते छातीत दुखते हे मी विसरलो होतो. उठून आत जावेसे वाटले, पण मला आत कोणी बोलावले नव्हते, आणि बोलावू नयेच.

तोवर मी ही पुरवणी लिहायला घेतली. निळी वही आणि बोल्टाची डबी मी बरोबर आणली होती, ती टेबलावर ठेवली आहे. तेव्हा पाचव्या कलमातले देणे आजच देऊन झाले, ते मृत्युपत्रातून वजा समजावे. गुरुवारच्या 'नको'नंतर फोल्कर घराचे काही बोललेला नाही, म्हणून दुसरे कलम जसे आहे तसे राहील. बाकी सगळे कायम.

थोड्या वेळाने वीब्के बाहेर आली. मी लिहिलेले तिने उभ्यानेच वाचले, माझ्या हातातून पेन घेतले आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. मग आत जाऊन बापाची सही घेऊन आली. माझा कोट आणि टोपी तिने माझ्या हातात दिली.

"तुमची गाडी सव्वापाचची आहे, आजोबा. बाबा आज इथेच राहताहेत."

ब्रेमेन, रविवार, २० ऑक्टोबर २०२४, दुपारी चार.

मृत्युपत्र करणार: डेटलेफ ओल्टमान

साक्षीदार:
हाइनो ब्रुगमान, शेजारी (गुरुवारी, न वाचता)
वीब्के ओल्टमान, नात (ऐकून आणि वाचून)
फोल्कर ओल्टमान, मुलगा (वाचून)